कार्ड निवडण्याआधी एसएमपीएसचे लेबल वाचा

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याकडे असेंबल करून घेतलेला जुना कॉम्प्युटर आहे : इंटेलचा आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि २२ इंची फुल एचडी मॉनिटर. गेमिंगसाठी त्याला ग्राफिक्स कार्ड हवे असून एकूण खर्च २५ हजार रुपयांच्या वर जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. एक दुकानदार ४ जीबीचे जीटी ७३० ‘भरपूर झाले’ म्हणतो, दुसरा ८ जीबीचे आरएक्स ५८० स्वस्तात देतो, आणि मुलगा आरएक्स ६६०० वर अडून बसला आहे. एसएमपीएसच्या लेबलाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचे ऐकावे, पण एका अटीवर, आणि ती अट आपण पाठवलेल्या छायाचित्रातच दडलेली आहे. लेबलावर ४५० वॅट असे ठळक छापले असले, तरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची बहुतेक सारी वीज येते ती १२ व्होल्टच्या वाहिनीतून, आणि त्या रकान्यात १६ अँपिअर एवढेच लिहिलेले आहे. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्या जोडून फुगवलेला आहे, ज्यांचा आपल्याला येथे फारसा उपयोग नाही. आता आरएक्स ६६०० पूर्ण भाराखाली सुमारे १३२ वॅट घेते आणि प्रोसेसरचा कंपनीने दिलेला आकडा ६५ वॅट आहे. दोन्ही मिळून १९७ झाले, आणि पंखे व हार्ड डिस्क अजून हिशेबात धरलेलीच नाहीत. अशा जोडीवर कॉम्प्युटर सुरू होईल, विंडोज उघडेल, यूट्यूबही चालेल; मात्र खेळ रंगात आला की मशीन अचानक बंद पडेल, आणि दोष बिचाऱ्या कार्डावर येईल. या कार्डाला वीजपुरवठ्याची वेगळी आठ पिनांची जोडणी लागते. ती आपल्या एसएमपीएसला नसल्यास दुकानदार दोन मोलेक्सची (जुन्या चार पिनांच्या जोडण्यांची) एक आठ पिन करून देणारी वायर काढून देतो. ती घेऊ नये.

म्हणून पहिली खरेदी एसएमपीएसची करावी. नामांकित कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला, तर १२ व्होल्टच्या वाहिनीवर पुरेशी वीज मिळते आणि पुढे प्रोसेसर, मदरबोर्ड बदलले तरी तो कामी येतो. त्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्या रकमेत कार्ड बसवावे, हा क्रम उलटा करू नये. कार्डांचे भाव दर पंधरवड्याला हलतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशी दोन-तीन दुकानांत विचारून मगच पैसे द्यावेत.

जीटी ७३० विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या कार्डाने अनेक पालकांना फसवले आहे. हे कार्ड २०१४ सालचे आहे. ‘४ जीबी’ हा आकडा केवळ मेमरीची साठवण सांगतो, ती मेमरी किती वेगाने वाचता येते हे सांगत नाही. सर्रास मिळणाऱ्या ६४-बिट डीडीआर३ आवृत्तीत हा वेग सेकंदाला सुमारे १४ जीबी आहे, तर आरएक्स ६६०० मध्ये तो २२४ जीबी आहे. गच्चीवर मोठी टाकी बसवावी आणि खाली नळ मात्र अर्ध्या इंचाचा ठेवावा, तसा हा प्रकार. मॉनिटर जोडण्यापुरते ते कार्ड ठीक आहे. खेळण्यासाठी ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

आरएक्स ५८० हे एके काळी चांगले कार्ड होते, पण ते सुमारे १८५ वॅट घेते, म्हणजे एसएमपीएस बदलावा लागणारच, आणि तेवढे करूनही ते आरएक्स ६६०० पेक्षा बरेच मंद आहे. बाजारात याच नावाने ‘२०४८एसपी’ ही कमी क्षमतेची आवृत्तीही फिरते. याच भावाच्या आसपास कोणी आरएक्स ६५०० एक्सटी दाखवील. ते मदरबोर्डाशी केवळ चार लेनने (माहितीच्या वाटांनी) जोडले जाते, आणि आपल्या मदरबोर्डावरचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असल्याने त्या चार लेनही निम्म्या वेगाने चालतील. त्यात मेमरी बहुधा ४ जीबीच. आरएक्स ६६०० आठ लेन वापरते, त्यामुळे जुन्या स्लॉटवर त्याचे नुकसान फारसे जाणवत नाही. इंटेलचे आर्क बी५८० कागदावर मोहात पाडते, १२ जीबी मेमरी देते. परंतु त्याला मदरबोर्डात ‘रिसाइझेबल बार’ ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते, आणि इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवते. आपल्या आठव्या पिढीच्या मशीनसाठी ते नाही.

एसएमपीएसला हात लावायचाच नसेल, तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती हा एकच समंजस पर्याय उरतो. ती ७० वॅटवर चालते आणि तिच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी वीजजोडणी लागत नाही. ८ जीबीचे ३०५० हे नाव तेच असले तरी वेगळे आणि अधिक ताकदीचे कार्ड आहे, हे बिलावर नीट तपासावे. मुलगा प्रामुख्याने व्हॅलोरंटसारखे हलके खेळ खेळणार असेल, तर ६ जीबीचे कार्डही पुरेसे आहे आणि मग उरलेल्या पैशांत रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी घ्यावी. एकाच पट्टीवर प्रोसेसरचा मेमरीकडे जाण्याचा निम्मा रस्ता बंद असतो, आणि खेळात मधूनमधून बसणारे झटके पुष्कळदा तिथूनच येतात.

दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेट उघडून टेपने माप घ्यावे. जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा नेमका कार्डाच्या वाटेत असतो. मॉनिटरला केवळ व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणी असेल, तर या कार्डांवर ते भोक नाही हेही लक्षात ठेवावे. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲडॅप्टर लागेल. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्याच मागे लावावी. ती सवयीने मदरबोर्डाच्या पोर्टात राहिल्याने ‘नवे कार्ड चालत नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे मी बरेच पाहिले आहेत, आणि एकदा त्यांत मीही होतो.

प्रश्न : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मायनिंगमधून (आभासी चलन कमावण्याच्या कामातून) आलेली कार्डे निम्म्या किमतीत मिळतात. घ्यावीत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने व्यवहार पडताळण्याची आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे मायनिंग करणे संपले, तेव्हापासून अशी कार्डे जुन्या बाजारात आली. मायनिंगने चिप सहसा मरत नाही, पंखे आणि थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या पातळ गाद्या) मात्र झिजतात. बंद खोक्यातले कार्ड पाहून पैसे देऊ नयेत. दुकानातच जोडायला लावून जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालवावा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेले असेल, तर एनव्हिडियाच्या पुष्कळ बनावट कार्डांच्या नावापुढे तो ‘फेक’ असे दाखवतो. त्यानंतर अर्धा तास एखादा जड खेळ चालू ठेवून तापमान आणि पंख्याचा आवाज पाहावा. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे दुकानदाराने तोंडी दिलेली काही दिवसांची मुदत असते. ती किती दिवसांची हे कार्डाच्या सीरियल नंबरसह बिलावर लिहून घ्यावे, आणि तो लिहायला तयार नसेल तर शेजारच्या दुकानात जावे.