आधी डोळा मिटतोय का बघ

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, झोप लागेना म्हणून आत्ताच लिहितोय. एकदा दुसरीकडे ऑपरेशन झालेली पेशंट, वरची पापणी अजून जड दिसते म्हणते, आणखी स्किन काढा म्हणून मागे लागलीये, आणि तुझं ठरत नाहीये. एवढा मोठा मेसेज, त्यात फोटो आहेत, सिमेट्री आहे, तिची नाराजी आहे. डोळा पूर्ण मिटतो का, हे कुठंय?

पापणी म्हणजे आधी झाकण. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, ओला ठेवणारं. दिसणं त्याच्या नंतर. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण 20 मिमी स्किन राहायलाच हवी, आणि हिची तर आधीच एकदा काढलीये. किती उरलीये ते मोजलंस? इंजेक्शन द्यायच्या आधी मोजायचं बरं का, नंतर सगळं फुगतं.

मी सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंचं टोसिसचं, म्हणजे खाली उतरलेली पापणी वर उचलायचं, ऑपरेशन केलं. पापणी मस्त उचलली गेली, मी खूश. डोळा मिटताना बुबुळ वर फिरतं की नाही ते आधी बघितलंच नव्हतं, आणि त्यांचं फिरत नव्हतं. काही दिवसांनी आल्या त्या लाल डोळा घेऊन, मुलगी म्हणाली आई झोपली तरी डोळा उघडा दिसतो. फ्लुरोसीन, म्हणजे जखम दाखवणारा रंग, डोळ्यात टाकून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपवर, बसवलं तर कॉर्नियाच्या खालच्या बाजूला हिरवा पट्टा. पापणी परत खाली आणली, पण डाग राहिला तो राहिलाच. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून प्रत्येकाला आधी डोळा मिटायला लावतो. लोक म्हणतात हा हात आखडता घेतो. घेतो. का नाही घ्यायचा? उरलेली स्किन सहा महिन्यांनी परत काढता येते, काढलेली आणायची तर कानामागून ग्राफ्ट, म्हणजे स्किनचा तुकडा, घ्यावा लागतो आणि तो पापणीइतका पातळ कधीच बसत नाही. मी चुकीचा नाहीये यात, कितीही जणांनी सांगू दे.

आणि जडपणा पापणीचाच कशावरून? तिच्या हातात आरसा दे, भुवई बोटाने वर धर आणि विचार, आता बरं वाटतं का. भुवईच उतरली असेल तर स्किन काढून ती अजून खाली ओढली जाईल, परत तीच तक्रार घेऊन येईल ती. शर्मर, म्हणजे अश्रू किती येतात ती टेस्ट, केलीस का? तेही लिहिलेलं नाहीस. चिडत नाहीये गं, तुझा हात चांगला आहे म्हणूनच जीव तुटतो.

उद्या बोलव तिला. हलकेच मिटायला सांग, घट्ट नाही, घट्ट आवळून बऱ्याच जणांचा मिटतो. खालून टॉर्च धर आणि फट किती मिमी राहते ते मला कळव, त्याआधी ऑपरेशनची तारीख देऊ नकोस.