वयात येताना भरलेलं अंग हा दोष नाही

नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं पोट, कंबर, मांड्या भरू लागतात, उंची मात्र अजून तेवढीच असते. काही दिवस ती सुटल्यासारखी दिसते. मुलींचं वयात येणं साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, मुलग्यांचं ९ ते १४. छातीची वाढ सुरू झाल्यावर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते आणि त्यासाठी शरीराला ही चरबी लागतेच. या वयात मुलांना डाएटवर ठेवू नका. खाण्याचे आजार बऱ्याचदा साध्या डाएटपासूनच सुरू होतात.

परक्या देशात वाढणाऱ्या आपल्या मुलांवर शाळा आणि घर, दोन्हीकडून ताण येतो. शाळेत पोहण्याच्या तासाला कपडे बदलताना आपलं अंग, हातावरची लव, वर्गात सगळ्यांआधी आलेली छाती, सगळंच इतरांपेक्षा वेगळं वाटतं. लवकर वयात येणाऱ्या मुलींमध्ये शरीराबद्दलची नाराजी आणि खाण्याच्या तक्रारी जास्त आढळतात. घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवर कुणीतरी मायेनंच म्हणतं, "अगंबाई, केवढी सुटलीस!" ती हसते आणि हळूच कॅमेऱ्यासमोरून सरकते. पुढच्या कॉलला ढगळ हुडी घालून बसते. आजीला आधीच फोन करून सांगा, "आई, तिच्या वजनाबद्दल तिच्यासमोर नका बोलू." तरी विषय निघालाच तर तिथल्या तिथे, मुलीच्या देखत सांगा, "तिची वाढ चाललीय, सगळं ठीक आहे." आपली बाजू घेतलेली तिला ऐकू येऊ द्या. आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवणंही बंद करा, मुलं तेही ऐकत असतात.

मुलगे यातून सुटत नाहीत. उंची वाढण्याआधी त्यांचंही पोट दिसतं, चिडवाचिडवी होते आणि मग स्नायूंचं वेड लागतं.

डबा न उघडता परत येणं, 'हेल्दी नाही' म्हणत एकेक पदार्थ सोडत जाणं, जेवण होताच बाथरूममध्ये जाणं, लपून खाणं, ताप असतानाही व्यायाम न चुकवणं, सतत थंडी वाजणं, आलेली पाळी थांबणं, या खाण्याच्या आजाराच्या खुणा असू शकतात; यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. वाढत्या वयात कित्येक महिने वजन न वाढणं हीसुद्धा धोक्याची खूण आहे, मग ते घटलेलं नसलं तरी. गुटगुटीत मूलही या आजारानं गंभीर होऊ शकतं. वजन झपाट्यानं उतरलं की नाडी मंदावते आणि नेमकं तेव्हाच सगळे "छान बारीक झालीस" म्हणून कौतुक करत असतात. मला हे कौतुक टोमण्याइतकंच घातक वाटतं.

डॉक्टरांकडे वाढीचा आलेख, नाडी, आणि आडवं झोपवून व उभं करून रक्तदाब तपासायला सांगा. भाषेची अडचण असेल तर दुभाषी मागा, अनेक देशांत ती सोय असते. मुलालाच दुभाषी करू नका.

आपलं काय चुकलं, यात अडकून पडू नका. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत जेवणाची जबाबदारी सुरुवातीला आईवडिलांकडेच दिली जाते. लहान वयातल्या ॲनोरेक्सियासाठी (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडत जाण्याचा आजार) ती आज प्रमुख उपचारांपैकी एक आहे. मूल चक्कर येऊन पडलं किंवा पाणीही घेईनासं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.