अहवालात जखम नाही, साक्षीदार नाही. मुलीचं म्हणणं कोर्ट मानेल का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक आई माझ्याकडे आली होती. (ओळख पटेल असं सगळं इथं बदललेलं आहे.) नऊ वर्षांची मुलगी, शेजारच्या घरी शिकवणीला जायची. शिकवणारा माणूस कपड्यांवरून नको तिथं हात लावायचा. तीन महिन्यांनी मुलीनं ते मावशीला सांगितलं. तक्रार झाली, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) तपासणी झाली. अहवालात एकही जखम नाही. त्या दिवसापासून आईची झोप उडाली होती. "मॅडम, बघणारं कोण नाही, अंगावर काय नाही. नुसतं पोरीचं तोंड. कोर्ट कसं मानणार?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पालक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

असा हात लावल्याची खूण सहसा अंगावर राहत नाही. त्यामुळे 'जखम नाही' याचा अर्थ 'घडलं नाही' असा कोर्ट काढत नाही. तो स्पर्श कपड्यांवरून होता, हेही आरोपीच्या बाजूनं जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका प्रकरणात त्वचेचा थेट संपर्क हवा असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2021 मध्ये तो निकाल रद्द केला. पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, महत्त्व लैंगिक हेतूला आहे.

राहिला साक्षीदाराचा प्रश्न. असे गुन्हे कुणी चारचौघांत करत नाही, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. 1952 साली रामेश्वर विरुद्ध राजस्थान या खटल्यात, म्हणजे आठ वर्षांच्या मुलीच्याच प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की दुजोरा देणारा दुसरा पुरावा प्रत्येक वेळी असलाच पाहिजे असा नियम नाही. मुलाची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. उशिरा तक्रार केली म्हणूनही प्रकरण पडत नाही. मुलं भितात, घरचे चार लोकांत नाव जाईल म्हणून घुटमळतात. उशीर का झाला ते मात्र खरं सांगावं.

मग कोर्ट तोलतं काय? मूल प्रश्न समजून उत्तर देतं का, मूळ गोष्ट पहिल्यापासून तीच आहे का, आणि मुख्य म्हणजे हे त्याचं स्वतःचं बोलणं आहे की कुणी पढवलेलं.

नेमकं इथंच या घरात बिनसत होतं. आई रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर मुलीला समोर बसवून सगळं वदवून घेत होती. वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. मुलीनं माझ्याशी बोलताना सांगितलं होतं, "चवथ झाली, आम्ही माटोळी काढली, मग मी परत शिकवणीला गेले, तेव्हा." (चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, आणि माटोळी म्हणजे तेव्हा गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची सजावट.) आईनं त्याची तारीख करून टाकली होती आणि ती मुलीकडून घोकून घेत होती. मी ती वही बाजूला ठेवायला सांगितली. नऊ वर्षांच्या मुलीला तारीख पाठ असते तेव्हा आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, "बाळा, हे तुला कुणी सांगितलं?" आणि मूल निरागसपणे म्हणतं, "आईनं." चवथीची माटोळी हाच तिचा खरा पुरावा होता. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायला हरकत नाही, एवढंच मुलीला सांगा, असं मी बजावलं. किरकोळ तपशिलात फरक पडला तरी गाभा पक्का असेल तर साक्ष टिकते.

"पण तो वकील तिला रडवेल ना?" पॉक्सोखाली वकिलानं प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि ते न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे अशी तरतूद आहे. सुनावणी बंद दालनात होते, मुलाचा भरवशाचा माणूस जवळ बसू शकतो, साक्ष देताना आरोपी समोर येऊ नये याची काळजी घ्यावी लागते. दरडावणारे, चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न न्यायाधीशांनी थांबवायचे असतात. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला, पण खरं बोलायचं असतं हे कळत असलं, तर शपथेविनाही साक्ष घेता येते. प्रत्यक्षात हे सगळं प्रत्येक वेळी नीट होतं असं नाही. म्हणून तारखेआधी सरकारी वकिलांना भेटा आणि या सोयी मागून घ्या. मागायला संकोच करू नका, तो मुलीचा हक्क आहे.

वडील आतापर्यंत गप्प होते. त्यांनी विचारलं, "कायद्यात आरोपीलाच निर्दोषपण सिद्ध करावं लागतं ना?" अर्धं खरं आहे. कलम 29 प्रमाणे अशा गुन्ह्यांत कोर्ट आरोपीनं गुन्हा केला असं गृहीत धरतं, पण त्याआधी मूळ घटना सरकारी पक्षाला उभी करावी लागते. मुलीचं वय अठराखाली असल्याचा पुरावाही त्यात आला. जन्मदाखला आणि शाळेची कागदपत्रं काढून ठेवा, असं मी त्यांना सांगितलं. मावशीची साक्षही महत्त्वाची, कारण मुलगी पहिल्यांदा बोलली ती तिच्यापाशी. तिनंही मुलीचे शब्द आठवतील तसेच सांगावेत, सजवू नयेत.

"आणि सुटला तर?" असंही होऊ शकतं, हे मी लपवलं नाही. संशयाचा फायदा देऊन सोडलं म्हणजे मुलगी खोटारडी ठरली असं नाही. निर्दोष सोडल्याच्या निकालाविरुद्ध पीडितेच्या बाजूनं अपील करता येतं, पर्वरीच्या उच्च न्यायालयापर्यंत (मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत) जाता येतं. त्यांच्या खटल्यात मुलीची साक्ष अजून व्हायची आहे. संध्याकाळची ती उजळणी बंद झाली आहे आणि मुलगी पुन्हा शेजारच्या पोरींत खेळायला जाऊ लागली आहे.