बिअरवेड्या मंडळींसोबत क्राफ्ट बिअर पबमध्ये जायचंय, पण मला बिअरमधलं फारसं कळत नाही. गेल्यावर काय करावं?

जा की, बिनधास्त जा. तुम्ही लिहिलंय की ओळखीतल्या काही जणांचा असा ग्रुप आहे, ते अधूनमधून नव्या पबमध्ये जमतात, तुम्ही आजवर फक्त बाटलीतली साधी लागर, म्हणजे नेहमीची फिकट बिअर, प्यायली आहे आणि तिथे आपलं हसं होईल अशी धास्ती वाटते. मी अशाच एका कंपूत बरीच वर्षं आहे, म्हणून खात्रीने सांगतो: अशा टेबलावर नवख्या माणसाची गरजच असते. जुन्या मंडळींना घोट घेण्याआधीच चव काय असणार हे ‘माहीत’ असतं. तुम्हाला ते माहीत नाही, म्हणून तुम्ही खरं सांगाल.

गेल्या गेल्या अख्खा ग्लास मागवू नका. बहुतेक क्राफ्ट पबमध्ये, म्हणजे छोट्या ब्रूअरींची (बिअर बनवणाऱ्या कारखान्यांची) बिअर देणाऱ्या पबमध्ये, टेस्टर मिळतात, साधारण १०० ते १५० मिलिलिटरचे छोटे ग्लास. असे चार-सहा एका फळीवर मांडून आणले की ती झाली फ्लाइट. ग्रुपने जाण्याचा खरा फायदा इथेच आहे: प्रत्येकाने वेगळं मागवायचं आणि ग्लास फिरवायचे. चौघं-पाचजण असले तर उत्तम. त्याहून जास्त झाले की एका टेबलाची दोन टेबलं होतात आणि ग्लास आपल्यापर्यंत येतो तेव्हा तळाशी कोमट थेंब उरलेले असतात.

क्रम लावताना रंगाकडे बघू नका, फसाल. काळीकुट्ट दिसणारी ड्राय स्टाउट बऱ्याचदा चार-साडेचार टक्क्यांची असते, आणि निरागस सोनेरी दिसणारी बेल्जियन ट्रिपल आठ-नऊ टक्क्यांची. हलकी ते कडक, कमी कडू ते जास्त कडू असं चढत जायचं. जबरदस्त हॉप्सवाली (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, आधी प्यायलात तर नंतरची पिल्सनर, म्हणजे फिकट लागर, पाण्यासारखी लागेल, आणि त्यात बिचाऱ्या पिल्सनरचा काही दोष नसेल.

आता आमच्या टेबलावरचा एकमेव कडक नियम सांगतो. ग्लास सगळ्यांकडे फिरून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. फोनमध्ये दोन शब्द लिहायचे आणि मग वाचायचे. कारण बिअरच्या वासाबाबत माणसाचं नाक भलतंच भिडस्त असतं. अनुभवी माणसाने ‘आंबा’ म्हटलं की सगळे त्याचीच री ओढतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना आंबा खरोखर जाणवायलाही लागतो. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरवर, म्हणजे हेफेवाइझेनवर, हा प्रयोग करून बघा. एकाने केळं लिहिलेलं असतं, दुसऱ्याने लवंग, तिसऱ्याने बबलगम. तिघंही बरोबर असतात. त्या बिअरमध्ये ना केळं घातलेलं असतं ना लवंग. त्यातलं यीस्ट आंबवताना आयसोॲमिल ॲसिटेट तयार करतं, त्याचा वास पिकल्या केळ्याचा, आणि फोर-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाचं आणखी एक द्रव्य, त्याचा वास लवंगेचा. कोणाच्या नाकाला आधी काय लागतं ते ज्याचं त्याचं.

याच्या पुढची पायरी जास्त मजेशीर आहे. काही वास काही माणसांना जवळजवळ येतच नाहीत. डायॲसिटिल हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. त्याचा वास लोण्यासारखा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा. आमच्यातला एक जण वासावरून हॉप्सची जात ओळखतो, पण डायॲसिटिल त्याला कळत नाही. एकदा तो एका पेल एलची (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) मनापासून तारीफ करत होता आणि कुणाबरोबर तरी सहज आलेल्या एका मुलीच्या फोनवर एकच शब्द होता: ‘बटर’. टॅपमागच्या माणसाला बोलावलं. त्याने ग्लास हातात धरून थोडा कोमट होऊ दिला, हुंगला, एक घोट घेतला, काही न बोलता आत गेला आणि परत येऊन टॅपवरची पाटी काढून ठेवली. डायॲसिटिल यीस्टच तयार करतं आणि आंबवण्याच्या शेवटी थोडे दिवस दिले तर यीस्टच ते परत शोषून घेतं. घाई करून बिअर लवकर थंड केली की ते तसंच राहतं. कधी दोष टॅपच्या नळ्यांचाही असतो: त्या वेळेवर धुतल्या नाहीत तर जिवाणू साचतात आणि तोच लोण्यासारखा वास येतो. म्हणून नळ्या साधारण दर दोन आठवड्यांनी साफ करायची पद्धत आहे. (काही झेक लागरमध्ये थोडंसं डायॲसिटिल चालवून घेतात, तेव्हा लोणी लागलं की लगेच तक्रार करू नका. आधी काय मागवलंय ते बघा.)

दोषांचे आणखी दोन-तीन वास लक्षात ठेवले तरी पुष्कळ झालं. उकडलेला मका किंवा कोबी: डीएमएस नावाचं द्रव्य, बहुधा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, रस नीट खळाखळा उकळलेला नसतो. भिजलेला पुठ्ठा: हवा लागून बिअर शिळी झाली. सगळ्यात सहज घडणारा दोष म्हणजे उन्हाचा. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशाने फुटतात आणि उग्र, खवट वास सुटतो. पारदर्शक ग्लास थेट उन्हात असला तर काही मिनिटं पुरतात. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. गच्चीवरचं टेबल मिळालं तर सावलीतलं निवडा.

तुम्हाला लागरच माहीत आहे याची लाज वाटू देऊ नका. उलट कुठल्याही पबमध्ये पहिल्यांदा त्यांची स्वतःची साधी लागर किंवा पिल्सनर मागवा. फिकट पिल्सनर पहिल्यांदा १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन गावात योझेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने बनवली, आणि आजही ब्रूअरचा हात जोखायला तिच्यासारखी दुसरी बिअर नाही. आयपीएमध्ये हॉप्सचा भडिमार असतो, स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टचा, त्याखाली बारीकसारीक चुका दडून जातात. लागरमध्ये लपायला जागाच नाही. शिवाय एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते, तर लागरला थंडगार टाकीत कित्येक आठवडे पडून राहावं लागतं. छोट्या ब्रूअरीला टाक्या मोजक्याच, त्यातली एक इतके दिवस अडवून ठेवायची म्हणजे पदरमोडच. तरीही ज्याने लागर नीट केली आहे, त्याच्या बाकीच्या बिअर मी डोळे झाकून मागवतो.

पाटीवरच्या आकड्यांपैकी एबीव्ही, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, नेहमी वाचा. आयबीयू, म्हणजे कडवटपणाचा आकडा, वाचा आणि सोडून द्या. एक आयबीयू म्हणजे लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा ॲसिड. पण जिभेला कडवटपणा गोडव्याच्या तुलनेत लागतो. चाळीस आयबीयू पिल्सनरमध्ये चांगलेच झोंबतात आणि जाड, गोडसर स्टाउटमध्ये जाणवतही नाहीत.

ग्लासही बघत जा. आतल्या बाजूला काचेवर बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो नीट धुतलेला नाही. बेलाशक बदलून मागा. फेस नको असं सांगणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका, वास फेसातूनच वर येतो. नायट्रोजनवरची स्टाउट आली तर ग्लास डोळ्यांसमोर धरा: कडेचे बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. मधल्या भागात ते वर चढतात, त्यांच्यासोबत बिअर वर जाते आणि कडेने खाली उतरताना बारीक बुडबुड्यांना ओढून नेते. आणि बर्फगार ग्लासाचा आग्रह धरू नका. लागर ४ ते ७ अंशांवर ठीक, पण बहुतेक एल ८ ते १२ अंशांवर बोलायला लागतात. स्टाउटचा टेस्टर तसाच बाजूला ठेवून शेवटी परत प्या, वेगळीच लागेल.

मंडळींबद्दल म्हणाल, तर प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा नाकाने कांदे सोलणारा असतोच. याला लागर म्हणजे पाणी वाटतं, आंबट लँबिक (बेल्जियन बिअरचा एक प्रकार) आवडली नाही की तो तुमची कीव करतो. हसून सोडून द्या. दुसरा फोटो काढेपर्यंत फेस बसवून टाकतो. तिसरा ॲपवर गुण देण्यात इतका दंग असतो की आपण काय प्यायलो ते त्याला ॲप उघडूनच सांगावं लागतं. तरी या वेड्यांबद्दल मला आदर आहे. १९७१ मध्ये आयर्लंडच्या सहलीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी ब्रिटिश पबमध्ये मिळणाऱ्या बेचव बिअरला वैतागून एक संघटना काढली, तीच पुढे ‘कॅम्रा’ झाली, आणि ब्रिटनमध्ये पिंपातच मुरणारी पारंपरिक एल टिकली त्यात तिचा वाटा मोठा आहे. म्हणजे टेबलावरची कुरकूर अगदीच वाया जात नाही.

एक हिशेब मात्र डोक्यात पक्का ठेवा. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. दहा टक्क्यांच्या इम्पीरियल स्टाउटच्या पाव लिटरमध्येही तितकंच. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास निकालात काढतं. पाणी पिऊन किंवा कॉफी घेऊन हा वेग वाढत नाही. पाणी प्या, ते जीभ साफ करायला आणि सुकू नये म्हणून. टेस्टर छोटे असतात त्यामुळे बेरीज चुकते, सहा टेस्टर म्हणजे दीड ग्लास सहज. गाडी नेऊच नका. न आवडलेला टेस्टर संपवायची जबरदस्ती नसते, अर्धा ठेवून उठलात तरी कोणी काही म्हणत नाही. जर्मनीतल्या कोलोनमध्ये क्योल्श ही तिथली हलकी बिअर २०० मिलिलिटरच्या उभट ग्लासात देतात आणि रिकामा झाला की वेटर न विचारता नवा ठेवत राहतो. पुरे म्हणायचं तर ग्लासावर कोस्टर झाकायचा. तुमच्या टेबलावर आग्रह करून ओतणारा कोणी असेल तर हीच खूण त्याला आधी शिकवून ठेवा.

आणि ग्रुपशी नाही जमलं तर? पब सोडू नका. तिथेच एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी एकटे जा. गर्दी नसते, टॅपमागच्या माणसाला वेळ असतो. ‘सगळ्यात चांगली कुठली?’ असं विचारू नका, त्याचं ठरलेलं उत्तर मिळेल. ‘सगळ्यात ताजी कुठली, आणि तुम्ही स्वतः काम संपल्यावर कुठली पिता?’ असं विचारा. बहुतेक वेळा तो लागरच्या टॅपकडे बोट दाखवतो.