यान अनेक देशांचे, पासपोर्ट मात्र एकाचा

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या ठाण्यात बारावी विज्ञानाला आहे, गणित आणि भौतिकशास्त्रात तिची गती चांगली आहे, आणि चंद्राकडे माणसे नेणाऱ्या ओरायन यानाचा मोठा भाग युरोपात तयार होतो हे वाचल्यापासून 'मला त्या यानावर काम करायचे आहे' याशिवाय ती दुसरे काही बोलत नाही, असे आपण लिहिले आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात एरोस्पेसच्या पदवीसाठी तिला पाठवायचे झाल्यास घोडबंदर रोडवरील राहता फ्लॅट तारण ठेवून साठ-सत्तर लाखांचे कर्ज काढावे लागेल. ते काढावे का, हा आपला प्रश्न. पत्राच्या तळाशी तिच्या आईने वेगळ्या शाईत एक ओळ जोडली आहे: 'इतक्या देशांचे मिळून काम आहे म्हणतात, तर त्यात आपल्या मुलीला कोणी घेईल का?' माझ्या मते कर्जाच्या प्रश्नाचे उत्तर या एका ओळीत दडलेले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

ओरायनचा वरचा, शंकूच्या आकाराचा, चार अंतराळवीर बसण्याचा भाग नासासाठी लॉकहीड मार्टिन ही अमेरिकी कंपनी बांधते. त्याच्या खाली जोडले जाणारे नळकांड्यासारखे सर्व्हिस मॉड्यूल युरोपीय अंतराळ संस्था, म्हणजे ईसा, पुरवते आणि त्याची जुळणी जर्मनीतील ब्रेमेन येथे एअरबसच्या कारखान्यात होते. प्रवाशांना लागणारा प्राणवायू, पाणी, वीज, यानातील तापमान राखण्याची व्यवस्था आणि अंतराळात वाट बदलण्यासाठी लागणारी इंजिने हा सगळा संसार या खालच्या भागात असतो. त्यात लहानमोठी मिळून ३३ इंजिने आहेत, आणि पहिल्या काही मोहिमांसाठी वापरले जाणारे मुख्य इंजिन तर पूर्वी स्पेस शटलवर उडालेले, अमेरिकेने युरोपला दिलेले आणि युरोपने आपल्या भागात बसवून पुन्हा अमेरिकेला पाठवलेले आहे. सांगाडा इटलीतील तुरिनचा, सौरपंख नेदरलँड्सचे, बाकीचे भाग आणखी काही युरोपीय देशांतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये माणसांशिवाय झालेल्या आर्टेमिस-१ मोहिमेत (आर्टेमिस म्हणजे माणसांना पुन्हा चंद्राकडे नेण्याचा अमेरिकेचा कार्यक्रम) हे जोडयान चंद्राला वळसा घालून साडेपंचवीस दिवसांनी परत आले, तेव्हा ही एकत्र बांधणी प्रत्यक्षात चालते हे सिद्ध झाले.

आता यातला व्यवहार पाहा, कारण मुलांना यान दिसते आणि व्यवहार दिसत नाही. आपल्याकडे शेतकरी सावड करतात, म्हणजे आज माझी माणसे तुझ्या शेतात, उद्या तुझी माझ्या शेतात, आणि मध्ये पैसा फिरत नाही. देशांमधले अंतराळ सहकार्य बरेचसे याच रीतीचे असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या सामाईक खर्चातला युरोपचा वाटा रोखीने द्यायचा नव्हता, म्हणून युरोपने आधी २००८ ते २०१४ या काळात स्थानकाला सामान पोहोचवणारी पाच मालवाहू याने पाठवली आणि पुढे त्याच अनुभवावर ओरायनचे सर्व्हिस मॉड्यूल बांधून द्यायचे कबूल केले. कॅनडाने २०१९ मध्ये चंद्राभोवतीच्या नियोजित गेटवे स्थानकासाठी यांत्रिक हात देऊ केला आणि त्या बदल्यात माणसांना चंद्राभोवती नेणाऱ्या आर्टेमिस-२ मोहिमेच्या चौघांत जेरेमी हॅन्सन या कॅनेडियन अंतराळवीराला जागा मिळाली. जपानने चंद्रावर चालणारी, आत हवा भरलेली गाडी देण्याचा करार एप्रिल २०२४ मध्ये केला, त्यात दोन जपानी अंतराळवीरांना चंद्रावर उतरवण्याचे वचन आहे. ईसाचा तर नियमच असा आहे की, ज्या देशाने जितका पैसा घातला त्या प्रमाणात कामाची कंत्राटे त्याच देशातील उद्योगांना परत जावीत. म्हणजे सावड देशादेशांत आहे. कोणीही यावे आणि कामाला लागावे अशी ती नाही.

माणसांच्या भरतीचे नियम यापेक्षाही कडक आहेत. नासाच्या स्वतःच्या नोकऱ्या, अगदी मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकी नागरिकांसाठी आहेत. खासगी कंपन्यांचे म्हणाल, तर रॉकेट आणि यानांचे तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांखाली येते आणि त्या कायद्यांच्या दृष्टीने परदेशी नागरिकाला नुसते ड्रॉइंग दाखवणे हीसुद्धा निर्यात ठरते, मग तो माणूस अमेरिकेतल्याच कार्यालयात शेजारच्या टेबलावर का बसलेला असेना. त्यामुळे या कंपन्यांच्या जाहिरातींत नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा अशी अट असते, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे आपल्या सोसायटीत कोणालाही विचारावे. माझ्याकडे दरवर्षी असे दोन-तीन पालक येतात ज्यांच्या मुलांनी तिकडे उत्तम गुणांनी एरोस्पेसची पदवी घेतली आणि शेवटी सॉफ्टवेअर किंवा मोटार उद्योगात नोकरी धरली. नोकरी वाईट नाही, पण ज्यासाठी घर गहाण पडले ते काम ते नव्हे. फ्लॅट तारण ठेवून अमेरिकेत पदवीला पाठवू नये, हे माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगते.

ईसाची स्वतःची पदे सदस्य देशांच्या नागरिकांना असतात, हेही खरे. मात्र युरोपातील विद्यापीठे, संशोधन संस्था आणि कंपन्या यांच्या बाबतीत दार अमेरिकेइतके बंद नाही. संरक्षणाशी निगडित पदे सोडली तर परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिथे काम मिळते. त्याविषयी पुढे लिहिते, कारण तिने नेमके काय शिकावे हा प्रश्न त्याच्या आधी येतो.

दोन देशांनी बांधलेले भाग एकत्र येतात तिथे सांधा असतो, आणि या क्षेत्रातले सर्वांत अवघड काम त्या सांध्यावर चालते. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयुझ अंतराळात जोडले गेले, तेव्हाची अडचण पाहण्यासारखी आहे. अपोलोच्या आत समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश दाबाचा शुद्ध प्राणवायू असे, तर सोयुझमध्ये आपण घेतो तशी नायट्रोजनमिश्रित हवा पूर्ण दाबाने. सोयुझमधला माणूस सरळ दार उघडून पलीकडे गेला असता, तर खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्यासारखे त्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले असते. म्हणून मध्ये दोन्ही बाजूंना दारे असलेली एक वेगळी खोली बांधावी लागली, आणि सोयुझमधला दाबही भेटीपुरता साधारण दोन तृतीयांशावर उतरवावा लागला. जोडणीची यंत्रणा तोवर एकीकडे दांडा आणि दुसरीकडे खोबण अशी असे. या मोहिमेसाठी दोन्ही बाजूंना सारखीच, कोणीही पुढे सरसावावे किंवा कोणीही स्थिर राहावे अशी कडी तयार झाली. आणखी एक गोष्ट मला फार आवडते: एकमेकांना नीट समजावे म्हणून उड्डाणात अमेरिकी अंतराळवीर रशियन बोलत आणि रशियन अंतराळवीर इंग्रजी बोलत.

सांधा चुकला तर काय होते यासाठी परदेशाशी करारही लागत नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ चे तिघे चंद्रावर उतरण्याच्या छोट्या यानात आसऱ्याला गेले, तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे त्याचे डबे गोल होते आणि मुख्य यानातले शिल्लक डबे चौकोनी. दोन्ही याने एकाच देशातल्या दोन कंपन्यांची. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून ते बसवावे लागले. आज अंतराळ स्थानकातील भागीदार देशांचे जोडणीचे एक सामाईक मानक आहे. भारतानेही १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह कक्षेत जोडून दाखवले, आणि त्यातली कडी दोन्ही बाजूंना सारखीच होती.

असा सांधा जवळून पाहायचा तर ब्रेमेनपर्यंत जायला नको. गेल्या वर्षी वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात, जिथे माझा एक जुना विद्यार्थी क्वालिटी पाहतो, मी दोन तास उभी होते. पंधरा-सोळा भोके असलेली एक धातूची चकती टेबलावर होती. त्याने प्रत्येक भोकात गेजचे, म्हणजे भोकाचे माप तपासणाऱ्या दांडीचे, 'गो' टोक सोडले, ते स्वतःच्या वजनाने अलगद आत गेले. मग तेच गेज उलटे करून 'नो-गो' टोक लावले आणि ते तोंडाशी अडले. एका भोकात ते केसभर आत सरकले, तेव्हा त्याने काही न बोलता चकती लाल ट्रेमध्ये ठेवली आणि नोंदवहीत धातूच्या मूळ ओतिवाचा क्रमांक लिहिला, कारण तो तुकडा कोणत्या भट्टीतून आला हे पुढे दहा वर्षांनीही सांगता आले पाहिजे. तुमच्या मुलीला हे काम कंटाळवाणे वाटते की त्यात तिचे मन रमते, हे बारावीच्या सुट्टीत समजून घ्या. माणसे नेणाऱ्या यानाच्या कारखान्यात निम्म्याहून अधिक दिवस असेच जातात, आणि हे आकाशाच्या ओढीने आलेल्या मुलांना आधी कोणी सांगत नाही.

याच कारणाने मी तिला नुसत्या 'एरोस्पेस' नावामागे लागू नका असे सांगेन. अलीकडे बऱ्याच खासगी महाविद्यालयांनी ही शाखा काढली आहे, पण इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता भरतीतील बहुतेक जागा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स यांच्याच असतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून तिरुवनंतपुरमजवळील आयआयएसटी ही अंतराळ अभ्यासाची संस्था किंवा पवईच्या आयआयटीतील एरोस्पेस मिळाले तर जरूर घ्यावे. न मिळाल्यास सीईटीतून माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी मेकॅनिकल घ्यावे आणि पदवीला ६५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये, कारण इस्रोच्या जाहिरातीत ती अट असते आणि एखाद्या सेमिस्टरच्या निष्काळजीपणाने ती हुकते.

इस्रोचे नाव घेतले की मुले नाक मुरडतात, म्हणून थोडे लिहिते. गगनयान तिघांना ४०० किलोमीटरच्या कक्षेत नेण्यासाठी आहे, चंद्राकडे नव्हे, हे खरे. परंतु भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर असे लक्ष्य जाहीर केले आहे, आणि आज बारावीत असलेली मुलगी २०४० मध्ये तिशीत, म्हणजे कामाच्या ऐन उमेदीत असेल. आपल्या चारही निवडलेल्या अंतराळवीरांचे मूळ प्रशिक्षण रशियात झाले, त्यांतले शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये अमेरिकी यानातून अंतराळ स्थानकावर गेले, आणि भारताने जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर सही केली. ही सही म्हणजे नोकरीचे पत्र नव्हे, ती तत्त्वांची संमती आहे. पण त्या तत्त्वांतले एक असे की, देशांच्या यंत्रणा एकमेकींशी जुळाव्यात. भारत या सावडीत शिरेल तेव्हा आपल्या बाजूचा सांधा भारतीय अभियंत्यांनाच बांधावा लागेल, आणि तिथे तिचा पासपोर्ट अडचण न ठरता पात्रता ठरेल. विक्रोळीच्या गोदरेजने, म्हणजे ठाण्याहून स्लो लोकलने पाचव्या स्टेशनावर, वर्षानुवर्षे इस्रोसाठी रॉकेटची 'विकास' इंजिने बनवली. गगनयानाच्या रॉकेटचा एक भाग एल अँड टीच्या पवईच्या कारखान्यातून गेला. आईंना हे मुद्दाम सांगा.

युरोपची इच्छा कायम राहिली, तर ती पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवावी. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाममात्र असते. काही ठिकाणी, उदाहरणार्थ श्टुटगार्टमध्ये, युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाला सुमारे १२,००० युरो खात्यात दाखवावे लागतात. हेही कर्ज आहे, परंतु घर वाचवून काढता येण्याजोगे. भाषा मात्र पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू करावी. वर्ग इंग्रजीत असले तरी कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी जर्मन चालते.

आपण भेटीची वेळ मागितली आहे. पुढील महिन्यातील कोणत्याही शनिवारी संध्याकाळी तिघांनी यावे. फक्त येताना तिला एक काम द्यावे. घरात आतून बसणाऱ्या झाकणाचा प्रेशर कुकर असेल, तर त्याचे उभे छेदचित्र तिने हाताने काढावे, रबरी गॅस्केट नेमके कुठे दाबले जाते ते दाखवावे, आणि आत वाफेचा दाब असेपर्यंत ते झाकण बाहेर का निघत नाही हे चार ओळींत लिहावे. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१ च्या चाचणीत जमिनीवरच आग लागून तिघे अंतराळवीर गेले, त्या यानाचे दारही आत उघडणारे होते आणि आतल्या वाढलेल्या दाबामुळे ते वेळेत उघडता आले नाही. हे तिला मी समोर बसून सांगेन, तोवर आपण सांगू नये. चित्र पट्टीने काढलेले नसले तरी चालेल, मापे मात्र कुकरवरून घेतलेली असावीत.