फासीवाद, फाशी आणि मोळी

प्रश्न असा आला होता: ‘फासीवाद’, क्वचित ‘फाशीवाद’ असं छापलेलं दिसतं, याचा फाशीशी संबंध आहे का? आणि साधा ‘हुकूमशाही’ शब्द असताना डावे लेखक हाच धरून लगेच ‘भांडवला’वर का येतात?

गळफासाशी संबंध नाही. आपली फाशी पाश-फास या घराण्यातली. ‘फासीवाद’ आला इटालियन ‘फाशो’वरून. फाशो म्हणजे जुडी, मोळी. गंमत अशी की त्याचं अनेकवचन होतं ‘फाशी’! म्हणजे ‘फाशीवाद’ लिहिणारा नकळत मुळाच्या जवळ जातो. (मी ‘फॅसिझम’ लिहितो, केवळ सवयीनं.) प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे सेवक छड्यांची मोळी घेऊन चालत. म्हाताऱ्यानं मुलांना दिलेली काठ्यांची मोळी आठवा, फक्त हिच्यात कुऱ्हाड खोचलेली.

पण मुसोलिनीच्या आधी हा शब्द गरिबांचा होता. १८९१ ते १८९४ या काळात सिसिलीतल्या शेतकऱ्यांनी आणि गंधकाच्या खाणीतल्या कामगारांनी ज्या संघटना काढल्या, त्यांचं नाव ‘फाशी’च. सरकारनं लष्कर घालून त्या मोडल्या. मुसोलिनीनं मिलानमध्ये आपला ‘फाशो’ काढला तो २३ मार्च १९१९ला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात आहे. तिथल्या शेतमजुराला ‘ब्राच्चांते’ म्हणतात. ब्राच्चो म्हणजे बाहू. आपण ‘हातावर पोट’ म्हणतो, तसंच. पहिल्या महायुद्धानंतर या मजुरांच्या संघटना इतक्या वाढल्या की कामावर कुणाला आणि किती जणांना घ्यायचं, हे जमीनमालकाला त्यांना विचारून ठरवावं लागे. १९२०च्या सप्टेंबरात उत्तरेत कामगारांनी कारखानेही ताब्यात घेतले. त्यानंतरच मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्यांना जमीनदारांचे पैसे आणि ट्रक मिळू लागले, आणि मजुरांच्या कचेऱ्या जळू लागल्या. मुसोलिनीच्या हाती सत्ता आल्यावर १९२५च्या विदोनी करारात कारखानदारांच्या महासंघानं फक्त फॅसिस्ट युनियनशीच बोलणी करायचं मान्य केलं. १९२६च्या कायद्यानं संपावर बंदी आली.

मार्क्सवादी ‘भांडवला’वर येतो तो म्हणून. ‘हुकूमशाही’ शब्द राज्य कसं चालतं ते सांगतो. राज्य कुणाच्या फायद्याचं, हे मार्क्सवाद्याला ‘फॅसिझम’मधून सांगायचं असतं. १९३५ साली बल्गेरियन कम्युनिस्ट नेता दिमित्रोव्हनं केलेली व्याख्या तर याला वित्त भांडवलातल्या, म्हणजे बँका आणि बडे उद्योग यांच्या एकजीव झालेल्या सत्तेतल्या, सर्वांत प्रतिगामी गटांची उघड दहशतवादी हुकूमशाही म्हणते. मला ती जरा तोकडी वाटते. टोळ्यांत बँकवाले नव्हते. युद्धावरून परतलेले, धास्तावलेले दुकानदार, कारकून, छोटे जमीनवाले होते. जर्मन कम्युनिस्ट नेत्या क्लारा झेटकिननं १९२३मध्येच त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं, आणि तिचं म्हणणं मला जास्त पटतं.

तेव्हा रिमोट न सोडणाऱ्या सासऱ्यांना ‘हुकूमशहा’ पुरे. अस्सल मराठी प्रतिशब्दच हवा असेल तर ‘मोळीवाद’ आहे, पण तो मीसुद्धा वापरणार नाही.