रेटिंगचा आकडा कुठला, ते आधी बघ

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर १५०० रेटिंग दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. तिथे सगळ्यांची सुरुवातच १५००ला होते. आकड्यापुढचं प्रश्नचिन्ह जाईपर्यंत तो कच्चाच समज. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग वेगळं, त्याची खालची मर्यादाच २०२४ पासून १४०० आहे. दोन्हींची तुलना म्हणजे शेर आणि किलोची गल्लत. फिडे रेटिंग काढते त्या एलो पद्धतीत बघायचा तो फरक: समोरचा रेटिंगमध्ये २०० ने वरचढ असेल तर १०० डावांत तुझ्या वाट्याला साधारण २४ गुण (जिंकलास तर १, बरोबरीला अर्धा). तेव्हा हरलास तर रडू नकोस!

मला 'गो' या पटावरच्या खेळाची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. नवखा 'क्यू' या खालच्या श्रेणींत ३० पासून १ पर्यंत येतो, मग 'दान' या वरच्या श्रेणी सुरू. दोन श्रेणींचा फरक असला की कच्च्या खेळाडूच्या दोन सोंगट्या आधीच पटावर. बुद्धिबळाच्या रेटिंगच्या डावांत ही सोय नाही, म्हणून सध्या थोडेच वरचढ प्रतिस्पर्धी शोध.